वाळूवरची गादी

"मुरली, थांब! पाय टेकू नको."

"टेकू नको तर काय उडू?" मुरलीधर एका पायावर डुलत म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत गोटे होते आणि आणखी एक पोटाशी धरलेला.

गुणवंत वाळूत उकिडवा बसला होता. ऊन नुकतंच पाण्यापर्यंत पोचलं होतं, वाळूवर अजून सावली होती. रात्रभर नर्मदेकाठी पडून राहिलेले गोटे हाताला गार लागत होते. एक उचलला, गार. दुसरा उचलला, तोही गार. तिसऱ्यावर बोटं टेकली आणि त्यानं हात चटकन मागे घेतला. तो गोटा कोमट होता.

"अंडी आहेत," तो म्हणाला. "चार."

मुरलीधरनं पाय जिथून उचलला होता तिथंच परत ठेवला आणि वाकून पाहिलं. आधी त्याला काहीच दिसेना. मग गोट्यांमधले चार गोटे हळूच वेगळे झाले. मातकट रंगाचे, अंगावर काळपट शिंतोडे, निमुळती टोकं आत वळवून कुणीतरी नीट मांडून ठेवल्यासारखे.

तेवढ्यात पाण्याच्या कडेवरून ती उठली. डोक्यावर काळा तुरा, खाली लांब काळे पाय. 'डिड्, डिड्, डिड्' असा गिल्ला करत ती दोघांच्या डोक्यावरून गेली, वळली, पुन्हा आली.

"टिटवी!" मुरलीधरनं हातातले गोटे टाकून कान धरले. "शुभकार्याच्या तोंडावर हिनं काहून तोंड उघडलं, बावा?"

"तिच्या घरात आपण घुसलो मुरली. ती काय आपल्याला ओवाळेल?"

आल्या पावलांवर पाय देत दोघं मागे सरकले ते थेट वरच्या अर्जुनाच्या झाडाखाली जाऊन बसले. गुणवंतनं गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली. आपण हात लावला, आता ती परत येईल की नाही, हाच एक विचार त्याच्या मनात होता. टिटवी लांब उतरली. चार पावलं पळाली, थांबली. आपण सहज इकडं आलो आहोत असं दाखवत पुन्हा चार पावलं पळाली. मग एकदम पंख सावरून खाली बसली आणि वाळूत दिसेनाशी झाली.

"बसली," गुणवंतनं श्वास सोडला.

"बसली ना? चलो, अच्छा हुआ. आता आपलं सांग. येत्या रविवारी कीर्तन आहे, अन् ती ताईंची जागा आहे."

ती ताईंचीच जागा होती, यात काही शंका नव्हती.

लम्हेटा घाटाच्या थोडं अलीकडे, नदी वळताना उजव्या हाताला जी वाळू सोडते, तिथं दर चैत्रात पुष्पाताई केळकरांचं कीर्तन होई. शहरातल्या गोरखपूर, दीक्षितपुरा मोहल्ल्यांतली मराठी मंडळी सकाळी सकाळी सतरंज्या घेऊन येत. काठावरचे नावाडीही येऊन बसत. त्यांना निरूपण सगळं कळत नसे, पण गजर आला की त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असे. ताई दोन-अडीच तास उभ्या राहत. नुसत्या वाळूत पाय रुततात म्हणून आदल्या रविवारी गुणवंत आणि मुरलीधर जाऊन तेवढ्या जागेवर सपाट गोटे पसरून ठेवत. पावसाळ्यात पूर येई, गोटे विस्कटत, पण सगळेच काही वाहून जात नसत. वर्षानुवर्षं करता करता त्या वाळूत गोट्यांची एक बैठक तयार झाली होती. टिटवीला अंडी लपवायला जशी जागा लागते, अगदी तशी. ती या दोघांनीच घालून दिली होती.

"एक काम करू," मुरलीधर म्हणाला. "गमछ्यात घेतो अलगद, अन् तिकडं बाजूला ठेवतो. अंडी दिसली की बसेल ती."

"नाही बसणार. तिला अंडी ओळखू येत नाहीत रे, जागा ओळखू येते."

"अन् ताईंना? त्यांना जागा ओळखू येत नाही?"

गुणवंतनं दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

"हे बघ," मुरलीधर उठून धोतराला लागलेली वाळू झटकत म्हणाला, "मंडळाचा सचिव मी आहे, पण हे मी नाही सांगणार. ताई चालल्या नागपूरला, लेकीकडे, दीपाकडे, कायमच्या. इथलं शेवटचं कीर्तन त्यांचं. अन् मी जाऊन सांगू, ताई, तिथं टिटवी बसलीय, तुम्ही सरका? तुझी पाखरं आहेत, तूच सांग."

*

गुणवंत लांजेवारचं सगळं आयुष्य मागे उभं राहण्यात गेलं होतं, आणि त्याची त्याला कधी तक्रार नव्हती. फॅक्टरीत तो फिटर होता; यंत्र चाललं की फिटरला कुणी विचारत नाही. कीर्तनात तो टाळकरी होता. ताईंच्या मागे, पेटीवर मुरलीधर, तबल्यावर कुणी ना कुणी, आणि डाव्या अंगाला टाळ घेऊन गुणवंत. ताईंनी पद सुरू करायचं, त्यानं ध्रुपद उचलून धरायचं. बोलायचं ते ताईंनी. त्यानं फक्त त्यांचंच वाक्य पुन्हा म्हणायचं.

पाखरांचा नाद लागला तोही तिथंच. श्रोते नदीकडे पाठ करून बसत. ताई आणि त्यांच्या मागचे साथीदार यांचीच तोंडं नदीकडे. लोक ताईंकडे बघत आणि गुणवंत लोकांच्या डोक्यांवरून पाण्याकडे. एका चैत्रात ऐन रंगात एक सुरय, पिवळी चोच नि दुभंगलेल्या शेपटीचा तो पांढरा पक्षी, आकाशातून दगडासारखा पाण्यात पडला आणि चंदेरी मासोळी घेऊन वर आला. गुणवंतचा टाळ चुकला. ताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. चिपळ्या वाजवत, त्याच चालीत, त्या म्हणाल्या, "गुणवंता, मासा त्यानं धरलाय, तू ताल धर." सगळी वाळू हसली. त्या दिवशी त्याला कळलं की ताईही तिकडंच बघतात.

पुढं लेकीनं, मेघनानं, पहिल्या पगारातून दुर्बीण आणून दिली. निवृत्तीनंतर त्याचे रविवार ठरून गेले. हिवाळ्यात परियट तलावाचं मागं पसरलेलं उथळ पाणी, होळीनंतर नदी. बायको, ज्योती, स्कूटरवर मागे, मांडीवर पोह्यांचा डबा. तिला पाखरांची नावं लक्षात राहत नसत. "तो तुमचा काळा कोट घातलेला आला बघा," असं ती म्हणे आणि पाणकावळा आलेला असे.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं ज्योतीला सगळं सांगितलं. ती सज्जात कुरड्या उलटत होती.

"मग सांगा ना ताईंना."

"कसं सांगू? काय म्हणू?"

"एवढ्या लोकांपुढं टाळ कुटता, अन् एका बाईपुढं तोंड उघडत नाही?"

"टाळ वेगळा. तिथं ताई आधी बोलतात."

"अच्छा! म्हणजे ताईंनी आधी म्हणायचं, 'गुणवंता, टिटवी बसली', मग तुम्ही मागून म्हणणार, 'टिटवी बसलीऽऽ'?" ज्योतीनं ती चाल अशी काही लावली की त्यालाही हसू आलं. मग ती कुरडई हातातच धरून म्हणाली, "तुम्हाला भीती कशाची वाटून राहिली? ताई रागावतील याची?"

"रागावल्या तर बरं. वाईट वाटलं त्यांना, तर?"

हे खरं होतं. ती जागा ताईंच्या वडिलांची. ते तिथं कीर्तन करत. ताईंचं पहिलं कीर्तनही तिथंच झालं. कीर्तनकार जिथं उभा राहतो ती नारदाची गादी. त्या जागी उभं असलेल्या माणसाला, तो वयानं कितीही लहान असो, सगळे वाकून नमस्कार करतात. त्या दिवशी आरती झाल्यावर ताईंचे वडीलच पुढं येऊन वाकले. ताई घाबरून मागे सरकल्या. तेव्हा ते म्हणाले होते, "तुला नाही गं पोरी, गादीला." ही आठवण ताई दर चैत्रात सांगत, आणि दर वेळी तिथं थोडं थांबत. त्या थांबण्यात टाळ वाजवायचा नाही, हे गुणवंतला कुणी शिकवलं नव्हतं.

*

बुधवारी ताईंचाच फोन आला. "गुणवंता, मी जायच्या आधी तुझा तो तलाव दाखव एकदा. नुसतं ऐकूनच राहिले."

गुरुवारी सकाळी रिक्षा करून तिघं परियटला गेले. ताईंचे गुडघे पार गेलेले, म्हणून ज्योतीनं घरची प्लास्टिकची खुर्ची बरोबर घेतली होती. पाण्याच्या काठाशी ती मांडून ताईंना बसवलं. वाटेतल्या शेतांमधला गहू कापून झाला होता. मोहाचा गोडसर वास येत होता. पळसाची फुलं संपत आली होती, पण एका झाडाला अजून हौस होती.

गुणवंतनं दुर्बीण ताईंच्या हातात दिली आणि चाक कसं फिरवायचं ते दाखवलं.

"अगं बाई," थोड्या वेळानं ताई म्हणाल्या, "हा पानावरून चालतोय!"

"कमळपक्षी, ताई. बोटं लांब असतात त्याची, म्हणून पान बुडत नाही."

"अन् ही निळी-जांभळी, लाल कपाळाची? नटून बसलीय अगदी."

"जांभळी पाणकोंबडी."

"कोंबडी काय म्हणतोस मेल्या, पैठणी नेसलीय ती!"

ज्योतीनं पोहे काढले. ताई एका हातानं पोहे खात आणि दुसऱ्यानं दुर्बीण धरून बघत. दुर्बिणीवर शेव सांडली. लांब, उघड्या पडलेल्या चिखलाच्या जिभेवर दोन भगव्या रंगाचे पक्षी उभे होते.

"हे चक्रवाक," गुणवंत म्हणाला. "हिमालयापलीकडून येतात. बाकीचे गेले, हे दोघं राहिले."

"हे काहून नाही गेले?"

"जातील. वारा बघून राहिलेत."

ताईंनी दुर्बीण खाली घेतली. "माझंही तेच. दीपा दिवाळीपासून बोलावून राहिली. मीच म्हटलं, चैत्रातलं कीर्तन होऊ दे, मग ने." त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "तेवढं एकदा त्या गोट्यांवर उभी राहिले की सुटले."

ज्योतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. तिनं कोपरानं ढोसलं.

"ताई," गुणवंत म्हणाला. त्याचा आवाज ध्रुपद चुकल्यासारखा निघाला. "त्या गोट्यांवर... नदीटिटवीनं अंडी घातली आहेत."

"कुठल्या गोट्यांवर?"

"तुमच्या."

"जिथं मी उभी राहते?"

"हो. बरोब्बर तिथंच. या टिटव्या आता फार कमी राहिल्या, ताई. त्यांना अशीच वाळू लागते, अन् वाळू कुठं राहिली आता? तिथं माणसं बसली, टाळ वाजला, की ती उठेल. ती उठली, की उन्हानं अंडी जातील. नाहीतर कावळे आहेतच." एवढं सलग तो आयुष्यात त्यांच्यापुढं बोलला नव्हता.

ताईंनी दुर्बिणीवरची शेव एकेक करून झटकली.

"मग मी कुठं उभी राहू?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे. लहान मुलगी विचारते तसं.

गुणवंतनं डबा आवरायला घेतला. परतीच्या वाटेवर रिक्षात ताई बाहेर बघत होत्या. उतरताना त्यांनी ज्योतीच्या गालाला हात लावला, गुणवंतला नुसतं म्हणाल्या, "येते रे." वर जाताना जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत होत्या.

शुक्रवारी त्यांचा फोन आला नाही. शनिवारी मुरलीधरनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काहीच नाही."

"म्हणजे दुखावल्या. शाबास, बावा."

*

रविवारी मंडळी नेहमीसारखी आली. मुरलीधरनं सतरंज्या वरच, अर्जुनाखाली, घड्या न मोडता ठेवल्या होत्या. ताई येईपर्यंत कुणी काही ठरवायचं नाही, असं तो दर दोन मिनिटांनी कुणाला ना कुणाला सांगत होता. लाउडस्पीकरवाला तारा घेऊन उभा होता. "भैया, कहाँ लगाऊँ?" म्हणून त्यानं विचारलं, तर मुरलीधर त्याच्यावरच खेकसला.

बातमी सगळीकडे पसरली होती. एकजण म्हणाला, पाखरासाठी एवढं काय. दुसरीनं टिटवीचा आवाज कसा अशुभ असतो ते सांगितलं. तिला एका म्हाताऱ्या नावाड्यानं तोडलं, "काहे की असगुनी, बाई? मैया की रेत पे अंडा धरे है, मैया की बिटिया भई." 

ताई आल्या. नेहमीची जरीकाठी नऊवारी, कपाळावर बुक्का, हातात काठी. अर्जुनापर्यंत आल्या आणि थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"गुणवंता, कुठंय?"

त्यानं दुर्बीण दिली. तिकडं बोट केलं. ताईंना सापडेना. "त्या मोठ्या खडकाच्या डावीकडं, ताई. तुमची ती नेहमीची जागा आठवा. बरोब्बर तिथं बघा."

"हं," ताई म्हणाल्या. मग पुन्हा, "हं."

ऊन चढायला लागलं होतं. टिटवी उठली. पण उडाली नाही. पाण्यापर्यंत पळत गेली, पोटापर्यंत आत उतरली, अंग हलवून पोटाची पिसं नीट भिजवून घेतली आणि थेंब गाळत तशीच परत पळत आली. मग अंड्यांवर ओलं पोट टेकवून बसली.

"हे काय केलं तिनं?"

"अंडी तापू नयेत म्हणून. ओलं करून बसते. दिवसभर असंच."

ताईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. तिच्याखालून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं. दुर्बीण परत देताना त्यांचा चेहरा रिक्षातल्यासारखा नव्हता. कीर्तनाला उभ्या राहण्याआधीचा नेहमीचा होता.

"सतरंज्या इथंच घाला," त्या म्हणाल्या. "झाडाखाली. माइक नको रे बावा, त्या मुलाला जाऊ दे, त्याला चहा द्या. पेटी दबकी. तबला नको. सगळे जवळ जवळ बसा, आज माझा आवाज जेवढा पोचेल तेवढाच." मग त्या गुणवंतकडे वळल्या आणि थोडं थांबल्या.

पितळेचा आवाज पाण्यावरून किती लांब जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानंच मान हलवली. "टाळ नको, ताई."

"शेवटचं आहे रे."

"नको."

ताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मुरलीधरनं हार घातला.

तसं कीर्तन त्या मंडळींनी कधी ऐकलं नव्हतं. नमन झालं ते पुटपुटल्यासारखं. ताईंनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि चुटक्यांवर ताल धरला. "आज आपला यजमान बदललाय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी आपण यजमान असतो, देवाला म्हणतो, ये. आज जागा दुसऱ्याची, आपण पाहुणे. पाहुण्यानं हळू बोलावं." लोक हसले तेही हळू. पूर्वरंगात त्यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली, की देव शोधायला फार लांब जावं लागत नाही, आपण जरा सरकून बसलो की तेवढ्या जागेत तो येऊन बसतो. वडिलांची आठवण आली तेव्हा त्या नेहमीसारख्या थांबल्या. त्या थांबण्यात नदीचा आवाज आला, आणि लांबून एक बारीक 'डिड्'.

गजराच्या वेळी ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. सगळ्यांनी गजर ओठांतल्या ओठांत म्हटला. नावाड्यांना ते फार जड गेलं. एकाचा आवाज सुटलाच, तर शेजारच्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. गुणवंत नेहमीच्या जागी, ताईंच्या मागे डाव्या अंगाला, उभा होता. ध्रुपद आलं की त्याचे हात आपोआप उचलले जात आणि अर्ध्यावर थांबत. दोन्ही टाळ त्यानं दोन मुठींत घट्ट धरून ठेवले होते.

लोकांच्या डोक्यांवरून त्याला वाळू दिसत होती. टिटवी बसून होती. मध्येच उठून पाण्यात जाई, भिजून परत येई. एकदा सुरय पाण्यात पडला. ताईंचा शब्द क्षणभर अडखळला, मग त्या हसून पुढं गेल्या.

आरती झाली. एकेक जण पुढं येऊन ताईंना नमस्कार करू लागला. ज्योती रडत होती आणि मुरलीधरला "रडता काय" म्हणून रागावत होती. शेवटी गुणवंत वाकला. ताईंनी त्याला उठवलं.

"हात दे रे जरा."

त्यानं टाळ एका हातात घेऊन दुसरा दिला. त्याचा आधार घेऊन ताई मंडळींमधून वाट काढत सावलीच्या कडेपर्यंत आल्या. मंडळींकडे पाठ, नदीकडे तोंड. खाली वाळूवर, गोट्यांच्या त्या बैठकीवर, भिजलेलं पोट टेकून टिटवी बसली होती. ताई हळूहळू वाकल्या, गुडघे जेवढं वाकू देतील तेवढ्या. जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"ताई, कोणाला?" मुरलीधरनं गोंधळून विचारलं.

"कोणाला काय?" ताई सरळ होत म्हणाल्या. "गादीला."

सतरंज्या झटकायचं काम सुरू झालं. ज्योतीनं खिरापतीचा डबा उघडला. नावाडी आता मोकळेपणानं बोलायला लागले आणि त्यांना कुणीतरी पुन्हा गप्प केलं. गुणवंतनं टाळांची कापडी पिशवी काढली. टाळ आत ठेवताना त्याचा हात थांबला. सबंध कीर्तनभर न वाजता मुठीत राहिलेलं ते पितळ कोमट झालं होतं.